कवळी बसली, तरी आजोबा गप्प का?

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण नशिबाच्या खोडसाळपणाबद्दल वापरतो. बुंदेलखंडात मात्र ती शब्दशः खरी ठरते. झाशीच्या आसपासच्या शेतांत हरभरा भरपूर पिकतो. थंडीतल्या कोवळ्या घाट्यांपासून भाजलेल्या फुटाण्यांपर्यंत तो घरोघरी असतो. आणि त्याच घरांत एखादे आजोबा मूठभर फुटाणे हातात घेतात, थोडा वेळ तसेच धरून ठेवतात आणि शेवटी नातवाच्या ओंजळीत टाकतात. ‘मला नको रे, पोट जड होते,’ असे सांगतात. पोटाला काहीही झालेले नसते. तोंडाचे बोळके झालेले असते.

घरातल्यांना हे लक्षात यायला फार वेळ लागतो, कारण दात एका दिवसात जात नाहीत. आज एक दाढ काढली, वर्षभराने दुसरी हलू लागली, पुढचे दोन दात मधल्या काळात कधी पडले ते कोणाला आठवतही नाही. माणूसही आपल्या सवयी हळूहळूच बदलतो. आधी सुपारी सुटते, मग पेरू, मग ऊस. भाकरी दुधात कुस्करली जाऊ लागते. लग्नाची आमंत्रणे ‘गुडघे दुखतात’ म्हणून टाळली जातात. हसताना हात तोंडावर जातो, बायकांचा पदर जातो. फोटोची वेळ आली की आजोबा मागच्या रांगेत जाऊन उभे राहतात. घरचे म्हणतात, ‘वय झाले, आता त्यांना माणसांत बसायला आवडत नाही.’

हे निदान सोयीचे आहे, पण बहुतेक वेळा चुकीचे आहे. ब्रिटनमध्ये जेनिस फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळे दात गमावलेल्या लोकांच्या सविस्तर मुलाखती घेऊन १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांनी जे सांगितले त्यात चावता येत नाही ही तक्रार तर होतीच, पण त्याहून खोल काहीतरी होते. जवळचे माणूस गेल्यावर होते तसे दुःख, अचानक म्हातारे झाल्याची भावना, आरशातला चेहरा आपला न वाटणे, आणि हे सगळे लपवण्याची धडपड. हा विषय कोणाशी बोलायचा नसतो असे अनेकांनी धरून ठेवले होते. दात काढण्यापूर्वी ‘तुम्हाला असे वाटेल’ एवढे सांगायलाही त्यांना कोणी भेटले नव्हते.

आपल्याकडे वेगळे काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात साठी ओलांडलेल्या सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. म्हणजे चार-पाच वृद्धांमागे एक. तरीही ज्या घरात रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण रोज केली जाते, त्या घरात दातांचा विषय निघतो तो थट्टेत.

‘चूल’ म्हणून बघा

मराठी घरे झाशीत आहेत हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना राणी लक्ष्मीबाईंमुळे माहीत असते. अठराव्या शतकात नारोशंकरांच्या काळात इथे मराठी सत्ता स्थिरावली, पुढे नेवाळकर घराणे आले. १८४२ साली गंगाधरराव आणि मनकर्णिका यांचा विवाह जिथे झाला असे सांगतात, ते गणेश मंदिर आजही गावात आहे. त्या काळापासून इथे रुजलेली आणि नंतर रेल्वेच्या किंवा सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेली कुटुंबे आता पुरती इथली झाली आहेत. बाजारात हिंदी, शेजारी बुंदेली, मुलांच्या शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी. मग अशा घरात अस्सल मराठी कोणाच्या तोंडी उरते? बहुधा आजी-आजोबांच्या.

आणि दात गेले की पहिला घाला पडतो तो या बोलण्यावर. जुन्या व्याकरणकारांनी त, थ, द, ध, न, ल, स या अक्षरांना ‘दंत्य’ असे नाव उगाच दिलेले नाही. मराठीत आणखी एक गोष्ट आहे, जी हिंदीत नाही. ‘चूल’, ‘जरा’, ‘झाड’ या शब्दांतले च, ज, झ आपण जिभेचे टोक दातांच्या मुळाशी नेऊन उच्चारतो. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना दंततालव्य म्हणतात. ‘चमचा’ हा शब्द आधी हिंदीत आणि मग मराठीत म्हणून पाहा, फरक लगेच कानाला कळेल. झाशीतला नातू हा च शाळेत शिकणार नाही, दूरदर्शनच्या हिंदी मालिकेतूनही शिकणार नाही. तो आजीच्या तोंडून ऐकला तरच येईल. आजीचे पुढचे दात गेले आणि ‘चूल’चा भलताच काही उच्चार होऊ लागला, नातू खदखदून हसला, की आजी दुसऱ्या दिवसापासून गोष्ट सांगायचे टाळते. घरात कोणी ठरवून काही केलेले नसते. आजीचा आवाज तेवढा कमी होतो.

बोलण्यासाठी दात किती मोलाचे असतात ते विन्स्टन चर्चिल यांना चांगले ठाऊक होते. त्यांचे बोलणे किंचित बोबडे होते आणि रेडिओवरून सारा देश तो आवाज ओळखत असे. त्यांच्या वरच्या कृत्रिम दातांची घडण मुद्दाम अशी केली होती की तो बोबडेपणा तसाच राहावा. दात सरळ, सुबक बसवले असते तर आवाज परका झाला असता. पंतप्रधानांना जी काळजी होती ती आपल्या आजोबांना नसेल असे का मानायचे?

म्हणून माझे मत असे की कवळी बसली की नाही हे ताटावरून ठरवू नये, निदान आधी तरी नाही. बहुतेक घरे नेमके तेच करतात. कवळी आणली, चौथ्या दिवशी समोर भाकरी ठेवली, आजोबांना ती चावेना, झाले! ‘पैसे पाण्यात गेले’ असा निकाल लागतो आणि कवळी कपाटाच्या खणात जाऊन बसते. खरे तर बोलणे आधी परत येते, साधारण दोन-तीन आठवड्यांत. चावणे सावकाश येते आणि पूर्वीसारखे कधीच येत नाही. पूर्ण कवळीने चावताना जो जोर लागतो तो स्वतःच्या दातांच्या जोराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच असतो. हे दंतवैद्याने आधीच सांगायला हवे. नसेल सांगितले तर आपण विचारून घ्यावे.

कवळी जिभेला परकी असते

वरची आणि खालची कवळी वेगवेगळ्या स्वभावाच्या असतात. वरची कवळी टाळू झाकते आणि लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालची मात्र घोड्याच्या नालेसारखी असते. मध्ये जीभ, दोन्ही बाजूंना गाल, धरायला जागा थोडी. जीभ हलली की ती उचलली जाते. म्हणून शंभरातल्या बहुतेक तक्रारी खालच्या कवळीच्या असतात. ती वाईट बनवली आहे असा त्याचा अर्थ नेहमी होत नाही. जिभेला शांत राहायला शिकावे लागते आणि साठ-सत्तर वर्षे मनमानी केलेली जीभ आठ दिवसांत कशी शिकेल?

सुरुवातीला तोंडाला वाटते की काहीतरी खाण्याची वस्तू आली आहे, म्हणून लाळ सुटते. ‘स’ म्हणताना शीळ वाजते. वरच्या ओठाखाली काहीतरी ठासून भरल्यासारखे वाटते. टाळू झाकल्यामुळे चव उतरल्यासारखी वाटते. एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, ती अशी की टाळूला उष्णता कळेनाशी होते आणि कढत चहा घशापर्यंत गेल्यावर चटका बसतो. त्यामुळे पहिले काही दिवस चहा बशीत ओतून पिण्याची जुनी पद्धत चांगली. बशीला नाके मुरडणाऱ्या सुनांनी तेवढे चालवून घ्यावे.

या दिवसांत सगळ्यांत उपयोगी औषध म्हणजे मोठ्याने वाचन. दंतवैद्यही तेच सांगतात. रोज पंधरा-वीस मिनिटे, आरशासमोर किंवा एकट्याने, वर्तमानपत्र वाचावे, रोजची पोथी वाचावी, अथर्वशीर्ष म्हणावे. अडणारा शब्द चार वेळा म्हणावा. वेग कमी ठेवावा. आठवडाभराने हेच वाचन नातवाला शेजारी बसवून करावे. झाशीसारख्या गावात या वाचनाचे दोन फायदे होतात. आजोबांची जीभ सरावते आणि नातवाच्या कानावर मराठी पडते. दुसरा फायदा पहिल्यापेक्षा लहान नाही.

घरच्यांनी काय करावे? खरे म्हणजे काय करू नये हेच जास्त महत्त्वाचे आहे. हसू नये, हे तर झालेच. पण ‘काय म्हणालात?’ असे पुन्हा पुन्हा मोठ्याने विचारणेही तितकेच बोचते. पाहुण्याने आजोबांना काही विचारले आणि सुनेने किंवा मुलाने मध्येच उत्तर देऊन टाकले, तर आजोबा पुढच्या वेळी तोंड उघडणार नाहीत. मदत म्हणून केलेली ही घाई कवळी खणात पाठवायला पुरेशी असते. उलट त्यांच्यावर एखादे बोलण्याचेच काम सोपवावे. दूधवाल्याचा हिशेब करणे, गावाकडे फोन करणे, संध्याकाळी दिवा लावल्यावर मुलांकडून शुभंकरोती म्हणवून घेणे. वाट पाहायला दोन मिनिटे जास्त लागतील, लागू द्यावीत.

जेवणाचे सांगायचे तर पहिल्या आठवड्यात मऊ भात, वरण, खिचडी, उपमा, शिजवलेल्या भाज्या. मग पोळीचे लहान तुकडे. घास एकाच बाजूला न चावता दोन्ही बाजूंना वाटून चावावा म्हणजे कवळी कलंडत नाही. पुढच्या दातांनी तोडून खाण्याचा मोह टाळावा. पेरू, सफरचंद कापून खावे, कणीस किसून किंवा दाणे काढून. गजक, चिक्की, चिकट लाडू यांच्याशी बराच काळ लांबूनच नमस्कार. शेंगदाणे, फुटाणे, डाळ यांतले पौष्टिक अंश मात्र सोडायचे नाहीत. कूट, सातूचे पीठ, बेसन, डाळीचे धिरडे या वाटांनी ते पोटात जाऊ शकतात. दात गेल्यावर माणसे चहा-बिस्किटे आणि दूध-भातावर येऊन ठेपतात, मग अशक्तपणा येतो, आणि तोही वयाच्या खात्यावर मांडला जातो.

हिरडीवर कुठे लाल झाले, फोड आला, तर कवळी घेऊन दंतवैद्याकडे परत जावे. या परतफेऱ्या म्हणजे कवळी बिघडली असे नव्हे, त्या उपचाराचाच भाग आहेत. जाण्याच्या आदल्या दिवशी थोडा वेळ कवळी घालून ठेवावी, म्हणजे नेमके कुठे टोचते ते डॉक्टरांना दिसते. घरी कानस किंवा पॉलिश कागद घेऊन ‘जरा घासून पाहू’ असे म्हणणारे हौशी कारागीर प्रत्येक कुटुंबात एक तरी असतात. त्यांना आवरावे.

मेणावरचे दात पाहायला सोबत जा

चांगली कवळी एका खेपेत होत नाही. आधी हिरड्यांचे माप घेतात, मग मेणाच्या पट्ट्या ठेवून दोन्ही जबड्यांतले अंतर ठरवतात, मग मेणावर दात रचून ते तोंडात बसवून दाखवतात आणि शेवटी पक्की कवळी देतात. चार-पाच फेऱ्या होतातच. यातली मेणावरच्या दातांची फेरी सर्वांत महत्त्वाची आणि नेमक्या त्याच वेळी आजोबांना रिक्षात बसवून एकटे पाठवले जाते! त्या दिवशी घरातले कोणीतरी सोबत हवे. दात किती मोठे दिसावेत, कोणत्या छटेचे असावेत, ओठ किती भरावेत, हे सगळे तेव्हाच बदलता येते. नंतर फारसे नाही. जाताना चाळिशीतला हसरा फोटो न्यावा. पुष्कळ जण अगदी पांढरे शुभ्र दात मागतात, पण सत्तरीच्या चेहऱ्यावर ते उसने दिसतात. किंचित पिवळसर छटा आपली वाटते. त्याच खेपेला काही वाक्ये मोठ्याने बोलून पाहावीत, मराठीतच. डॉक्टर हिंदी बोलणारे असतील तर त्यांना सांगावे की आमचा च वेगळा आहे, तो नीट निघतो का बघू द्या. हसतील, पण दोन मिनिटे देतील.

कवळी ज्या अॅक्रिलिकची बनते ते १९३०च्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यकात आले. त्याआधी व्हल्कनाइट नावाचे कडक रबर वापरत आणि त्याच्याही आधी हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, इतकेच काय, मेलेल्या माणसांचे दातही. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली पदावर आले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. बाकी कवळी धातू, हस्तिदंत आणि माणसाच्या दातांची होती. लोक ती लाकडाची होती असे सांगतात, ते खरे नाही. त्या काळाच्या मानाने आजची साधी कवळीसुद्धा राजेशाही म्हणायला हवी.

कोणाला कवळी नकोच असेल तर? तोही त्यांचा हक्क आहे. गांधीजी जेवताना कवळी वापरत आणि एरवी बोळक्या तोंडाने जगासमोर खुशाल हसत. ते हास्य आपण सर्वांनी छायाचित्रांत पाहिले आहे. पण गांधीजींना मुलीच्या सासरच्या पंगतीत विहिणींसमोर बसायचे नव्हते. ‘गांधीजींना चालले, तुम्हाला काय होते?’ असे म्हणून खर्च वाचवणाऱ्या मुलांनी हे लक्षात घ्यावे.

आजी जेवली का?

आजोबांचे दात गेलेले निदान दिसतात, कारण त्यांचे ताट सगळ्यांबरोबर मांडले जाते. आजी शेवटी जेवते, बहुतेक वेळा स्वयंपाकघरात एकटी. ती पोळी आमटीत भिजवून मऊ करते, की नुसता भातच खाते, की दोन घास घेऊन उठते, हे पाहायला तिथे कोणी नसते. चष्मा, मोतीबिंदू, दात यांवर खर्च करायची वेळ आली की घरात पहिला क्रम पुरुषाचा लागतो आणि ‘मला कुठे जायचे आहे आता?’ हे उत्तर आजीच देऊन मोकळी होते. ते उत्तर तिचे असले तरी ते तसेच स्वीकारणे आपल्याला फारच सोयीचे पडते. तिला हळदीकुंकवाला जायचे असते, मंदिरात आरती म्हणायची असते, भाचीच्या डोहाळजेवणात ओव्या गायच्या असतात. एक महिना तिच्यासोबत जेवायला बसा, म्हणजे तिला दातांची गरज आहे की नाही ते कळेल.

विधवा आजीने दात बसवायचे म्हटले तर ‘या वयात नटायची हौस’ असा शेराही अजून कुठे कुठे ऐकू येतो. ओठ आत गेले, हनुवटी नाकाकडे सरकली की चेहरा दहा वर्षांनी मोठा दिसतो. कवळीने तो पूर्ववत भरतो. त्यात नटणे आले तर आले. काय बिघडले?

रात्रीचा पेला

रात्री कवळी काढून ठेवावी, हा सल्ला सगळ्यांत कमी पाळला जातो. कारण स्वच्छतेचे नसते, लाजेचे असते. नवऱ्यासमोर, बायकोसमोर, खोलीत झोपणाऱ्या नातवंडांसमोर बोळके तोंड दाखवायचे नसते. पण हिरड्यांनाही विश्रांती लागते. शिवाय टोकियोत ८५ वर्षांपुढच्या वृद्धांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. कवळीवर साचलेले जंतू झोपेत श्वासाबरोबर आत जातात. तेव्हा नातवंडांना एकदाच सांगून टाकावे की आजोबांचे दात रात्री पाण्यात झोपतात. मुले दोन दिवस कुतूहलाने पाहतील, तिसऱ्या दिवशी विसरतील.

कवळी मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुवावी. टूथपेस्टने आणि विशेषतः लाल दंतमंजनाने तिच्यावर ओरखडे पडतात आणि त्यांत घाण बसते. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे किंवा ओला पंचा ठेवावा, हातून सुटली तरी फुटणार नाही. उकळते पाणी कधीच नको, कवळी वाकडी होते. रात्री ती पाण्यात बुडालेली असावी. झाशीच्या वैशाखात उघडी ठेवलेली कवळी पाहता पाहता सुकते, म्हणून झाकणाचा डबा बरा. पाणी जड असेल तर कवळीवर पांढरा थर धरतो, अशा वेळी अधूनमधून पाण्यात थोडे व्हिनेगर घालून भिजवावी आणि स्वच्छ धुऊन घ्यावी. आत धातूचे काम असेल तर मात्र आधी दंतवैद्याला विचारावे.

कवळ्या हरवतात कुठे? लग्नात कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवल्यामुळे, रेल्वेत उशीखाली आणि रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या आधी काढून कोणाच्या तरी हाती दिल्यामुळे. बनवतानाच त्यात नाव घालून मिळते, ते घालून घ्यावे.

जबड्याचे हाड काळानुसार झिजत जाते, खालचे तर वरच्यापेक्षा कितीतरी वेगाने. त्यामुळे आज घट्ट बसलेली कवळी पाच-सात वर्षांनी सैल होते. ती आतून भरून घेता येते किंवा नवी करावी लागते. ‘एकदा केली, जन्माची झाली’ असे तिचे नसते. सैल कवळी खाता-बोलताना घसरते आणि माणूस पुन्हा गप्प होऊ लागतो. खालची कवळी काही केल्या टिकत नसेल आणि ऐपत असेल तर जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर ती अडकवता येते. मधुमेह असला तरी तो ताब्यात असेल तर पुष्कळदा हे शक्य होते.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नये. तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या माणसाच्या तोंडातली जखम ‘कवळी टोचली असेल’ म्हणून सोडून देऊ नये. दोन आठवड्यांत भरली नाही तर ती तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीने तपासून घ्यायलाच हवी. कवळी असलेल्यांनीही वर्षातून एकदा तोंड दाखवावे. दात नाहीत म्हणून दंतवैद्याशी संबंध संपला असे होत नाही.

पैशांची सोय

रस्त्याच्या कडेला बसून तासाभरात दात लावून देणारे उत्तरेकडच्या शहरांत अजून दिसतात. ते तोंडातच घट्ट होणारे अॅक्रिलिक ओतून दात शेजारच्या दातांना चिकटवून टाकतात. स्वस्त पडते, पण ते काढून धुता येत नाहीत, खाली अन्न कुजते आणि उरलेले चांगले दातही जातात. त्यापेक्षा सरकारी दंत महाविद्यालयात फेऱ्या जास्त मारणे परवडते. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च थोडा येतो.

दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या, साठी ओलांडलेल्या व्यक्तींसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. ती १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. काठी, श्रवणयंत्र, चष्मा यांच्याबरोबर कृत्रिम दातांचाही तिच्यात समावेश आहे, हे पुष्कळांना माहीतच नसते. योजनेचे काम कानपूरच्या ‘अॅलिम्को’ या सरकारी कंपनीकडे आहे आणि तपासणी शिबिरांतून लाभार्थी निवडले जातात. शिबिर कधी आहे याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. झाशीत रेल्वेतून आणि लष्करातून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. त्यांनी आपापल्या आरोग्य योजनेत कवळीच्या खर्चाची काय तरतूद आहे ते आधी विचारावे, पावत्या नंतर गोळा करत बसू नये.

ज्यांचे दात अजून शाबूत आहेत अशा चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांसाठी एकच गोष्ट. दात वयाने पडत नाहीत, किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने पडतात. जपानने १९८९ साली ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ अशी मोहीम काढली तेव्हा ते स्वप्न वाटले होते. २०१६ च्या पाहणीत तिथले निम्म्याहून अधिक ऐंशीचे लोक ते गाठलेले दिसले.

आणि ज्यांना येत्या भाद्रपदात आजी-आजोबांनी घरच्या गणपतीपुढे आरती मोठ्याने म्हणावी असे वाटते, त्यांनी हिशेब उलट्या बाजूने करावा. सरावाला सहा आठवडे, कवळी बनायला तीन-चार आठवडे, आणि उरलेले दात काढायचे असतील तर हिरड्या भरून यायला दोन महिने किंवा जास्त. म्हणजे दात काढायचे असतील तर चैत्रातच डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी. नुसती मापे द्यायची असतील तर ज्येष्ठापर्यंत थांबले तरी चालेल. ऊन कडक असते, म्हणून सकाळची वेळ घ्यावी.